भिंतीतला मैदा

हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. नाही, राहू द्या. तुम्ही कबूल कराल आणि तरीही हसाल. गेल्या सात-आठ वर्षांत ही गोष्ट ज्यांना ज्यांना सांगितली, त्यातल्या एकानंही शब्द पाळलेला नाही. एका पाहुण्यांच्या तर नाकातून चहा आला होता. तेव्हा तुमचा कप तेवढा खाली ठेवा.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. लालबागच्या चाळीतली खोली धाकट्या भावाच्या हवाली करून मी आणि मालती वाशीला नव्या घरात राहायला आलो. घर म्हणजे काय विचारता! दोन खोल्या, स्वयंपाकघर, स्वतःचं न्हाणीघर आणि एक गॅलरी. चाळीत ज्यानं पंधरा वर्षं बादली घेऊन रांग लावली त्याला स्वतःचं न्हाणीघर म्हणजे संस्थानच. मी पहिले आठ दिवस उगाचच दोनदा आंघोळ करत होतो.

पण वाशी तेव्हा नवी होती. इमारती आल्या होत्या, माणसं यायची होती. खिडकीतून एका बाजूला खाडी दिसे आणि दुसऱ्या बाजूला अर्धवट उभे खांब. संध्याकाळच्या बसमधून उतरलेली माणसं एकमेकांकडे बघून मान हलवत आणि आपापल्या जिन्यात गडप होत. मी दिवसभर फोर्टात कचेरीत. घरात आम्ही दोघंच. म्हणजे सकाळी नऊपासून रात्री सातपर्यंत मालती एकटी.

चाळीत चहाची साखर संपली की भिंतीवर थाप मारायची, पलीकडून वाटी यायची. इथे भिंतीवर थाप मारली की गिलावा पडायचा.

एक दिवस पोळ्या लाटता लाटता ती मान वर न करता म्हणाली, "अहो, मी दिवाळीपर्यंत बघते."

"काय बघतेस?"

"दिवाळीला आई येणार आहे घर बघायला. तोवर इथे आपलं म्हणावं असं एक जरी माणूस मिळालं तर ठीक. नाहीतर मी आईबरोबर लालबागला जाते. तुम्ही या मागून."

"आणि हे घर?"

"घराला काय, ते राहील इथेच. त्याला बोलायला कुणी लागत नाही."

मी पोळी खाल्ली. पण मनातून हादरलो. ती भांडली असती तर चाललं असतं. मालती रागावली की काळजी नसते. ती शांतपणे बोलली की मात्र ते तसंच होतं, हा माझा बारा वर्षांचा अनुभव.

मग दिवाळी जवळ आली तशी आमच्या घरात दोन तयाऱ्या सुरू झाल्या. एक तिची, एक माझी.

तिची तयारी नानकटाईची. आता नानकटाई घरी होत नसे, हे तुम्हाला ठाऊकच असेल. मैदा, पिठीसाखर आणि तूप आपलं, भट्टी बेकरीवाल्याची. डबे घेऊन बेकरीत जायचं, नंबर लावायचा, परातीत मळून गोळे वळायचे, ट्रेमध्ये आपल्या नावाची चिठ्ठी टाकायची आणि भाजून होईपर्यंत बाकड्यावर बसायचं. तीन-तीन तास. लालबागला त्या तीन तासांत अख्ख्या गल्लीतल्या सासवा-सुनांचे निकाल लागत. मालतीला नानकटाईपेक्षा ते बाकडं जास्त प्रिय असावं असा मला संशय आहे.

इथेही एक बेकरी निघाली होती. मालतीनं पंधरा दिवस आधी चांगला मैदा आणला. दोनदा चाळला. ऊन दाखवलं. मुठीत दाबून बघितला. मैदा चांगला असला की मूठ उघडल्यावर बोटांचे वळ त्यावर तसेच राहतात, म्हणे. मग तो वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात भरून, झाकण घट्ट लावून तिनं मांडणीवर ठेवला आणि जाहीर केलं, "आता याला बेकरीपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

घरात 'कुणी' म्हणजे मीच.

माझी तयारी भेगांची. बाहेरच्या खोलीच्या भिंतीला पहिल्याच पावसाळ्यानंतर भेगा पडल्या होत्या. एक तर थेट दारापासून छतापर्यंत, गंगेच्या नकाशासारखी, उपनद्यांसकट. सासूबाई नेमक्या त्याच भिंतीसमोर बसणार. त्यांना घराच्या बाबतीत 'अगंबाई, तडे गेलेत की' एवढं वाक्य बोलायला मिळालं की संपलं! मी कचेरीतल्या एका स्नेह्याकडून दोन किलो पांढरं सिमेंट मिळवलं. त्या काळी आमच्या वसाहतीत घरोघरी पांढरं सिमेंट असे, जसं घरोघरी हिंग असतं. ओल लागून त्याचा दगड होऊ नये म्हणून कोरड्या जागी ठेवायचं. आमच्या घरात कोरडी जागा एकच, स्वयंपाकघरातली मांडणी. आणि रिकामा डबा होता तोही एकच, मैद्याच्या डब्याचा जुळा भाऊ.

"सिमेंट? माझ्या मांडणीवर?" मालती म्हणाली.

"लेबल लावतो ना."

लेबल हा माझा प्रांत. मला सगळं लिहून ठेवायची सवय आहे. कुठल्या तारखेला काय केलं, काय बोलणं झालं, सगळं वहीत. मी छान कागदाच्या पट्ट्या कापल्या, बोरूनं वळणदार अक्षरांत लिहिलं, 'मैदा' आणि 'पांढरे सिमेंट'. पाण्यानं शाई फुटू नये म्हणून वरून मेणबत्ती घासली. आणि दोन्ही पट्ट्या झाकणांवर चिकटवल्या.

"डब्यावर लावा," मालती म्हणाली. "झाकणावर नको. झाकणं फिरतात."

"अगं, मांडणी खाली आहे. वरून बघताना झाकणच दिसतं. शास्त्र आहे त्यात."

"झाकणं फिरतात," ती पुन्हा म्हणाली आणि भाजी चिरायला लागली.

त्या दिवशीची माझी नोंद आजही वाचता येते : 'लेबले झाकणांवर लावली. मालतीचे म्हणणे अमान्य.'

पुढे काय झालं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. तुम्ही हुशार आहात. मी नव्हतो.

दिवाळीची साफसफाई निघाली. डब्यांची झाकणं मीच उत्साहानं पुसली, गॅलरीत उन्हात ओळीनं मांडली आणि दुपारी मीच परत बसवली. कुठलं झाकण कुठल्या डब्यावर? अहो, विचारायचं काय त्यात? वर स्वच्छ लिहिलेलं होतं ना!

रविवारी मालती पाणी भरण्यात गुंतलेली पाहून मी 'पांढरे सिमेंट' काढलं. अर्धा डबा थाळ्यात ओतला, पाणी घातलं, कालवलं. गुठळ्या झाल्या. त्या मोडल्या. मग माल असा काही चिकट झाला म्हणता, बोटं सोडेना! उलथन्यानं भेगेत भरला. भिंतीला धरला की धरलाच. वासही कसा, ओळखीचा, घरगुती. मी म्हटलं, भारी मालाला येत असेल वास. वहीत लिहिलं : 'माल उत्तम. पकड विलक्षण.'

ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सगळं वाळून खडखडीत. वरून कागद घासला. भेग कुठे होती ते सांगून दाखवा!

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे सावंतकाका वर्गणीसाठी आले. गोदीतून निवृत्त झालेले, आमच्या इमारतीचे सेक्रेटरी. दारातच थांबले. भिंतीवरून हात फिरवला. मग डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर नेऊन नाक भिंतीला लावलं.

"कोणी केलं हे?"

"मीच," मी विनयानं म्हणालो. विनय दाखवायची संधी मला फारशी मिळत नसे.

"गवंडी झक मारतो हो तुमच्यापुढे! आमच्या न्हाणीघराची भिंत चाळणी झालीय. काय प्रमाण घेतलंत?"

मी वही आणून प्रमाण वाचून दाखवलं. इतकंच करून थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण कौतुक फार वाईट! मी उरलेला डबा घेऊन वर गेलो आणि सावंतकाकांच्या न्हाणीघराची भिंत स्वतःच्या हातानं लिंपून दिली. काका बादलीवर बसून बघत होते. काकूंनी मला कोकमाचं सरबत दिलं. जिना उतरताना समोरच्या गायकवाडवहिनींनी विचारलं, "भाऊ, आमच्या खिडकीखाली बी तेवढं लावून द्याल का?" दिलं लावून! शेवटची मूठ तिथे संपली.

त्या रात्री मी मालतीला म्हटलं, "बघ, होतात की नाही ओळखी?"

"तुमच्या होतात," ती म्हणाली. "माझ्या कुठे?"

बुधवार उजाडला. गुरुवारी धनत्रयोदशी, सासूबाई सकाळच्या बसनं येणार. मी रजा काढली होती. मालती नवी साडी नेसली, एका पिशवीत तूप आणि पिठीसाखर, दुसऱ्या हातात 'मैदा' लिहिलेला डबा.

"मी येऊ?" मी विचारलं.

"नको. मी जाते एकटी." मग चप्पल घालता घालता म्हणाली, "आज बघू, कुणी बोलतंय का बाकड्यावर."

एवढं म्हणून गेली. मी दारात उभा राहून तिला कोपऱ्यापर्यंत जाताना पाहिलं. वाशीला आल्यापासून ती अशी एकटी, सरळ मानेनं कुठे निघाली नव्हती. डबा जड असल्यामुळे एका बाजूला कललेली. मला वाटलं, चांगला दोन किलो मैदा घेतलाय बाईनं!

अर्धा तास गेला असेल नसेल, वरून काकूंची हाक आली. काकू मालवणच्या. त्यांची हाक पोचायला जिना लागत नाही.

"झिला, वर ये आधी! तुझ्या भिंतीक मुंग्यो लागल्यात!"

वर गेलो. न्हाणीघराच्या भिंतीवर माझ्या लिंपणाच्या कडेनं मुंग्यांची सुरेख रांग लागली होती. लिंपण फुगलं होतं. बुडबुडे आले होते. आणि वास! आंबट, भूक लागेल असा.

"आंबोळ्यांच्या पिठाक येता तसो वास येता रे," काकू नाकाला पदर न लावता, उलट नाक पुढे करून म्हणाल्या. त्यांनी नखानं एक कपची काढली. बोटांत चोळली. मी 'अहो काकू' म्हणेपर्यंत जिभेवर ठेवली.

काका, मी आणि मुंग्या, सगळे थांबलो.

"मैदो!" काकू ओरडल्या. "माझ्या न्हाणयेक मैदो फासलास?"

माझ्या डोळ्यांपुढे आधी गॅलरी आली. मग उन्हात ठेवलेली दोन झाकणं. मग मालतीच्या हातातला तो डबा, एका बाजूला कललेला. मैदा एवढा जड नसतो हो! दोन किलोचा मैदा आणि दोन किलोचं सिमेंट वजनाला सारखंच, हे कळतं मला; पण त्या क्षणी ते कळून काही उपयोग नव्हता.

मी जसा होतो तसा निघालो. म्हणजे लेंगा, गंजीफ्रॉक आणि उजव्या पायात काकांची चप्पल.

बेकरीत पोचलो तर बाकडं रिकामं! भट्टी धडधडतेय, ट्रेची चवड लागलीय आणि बाई एकही नाही. बेकरीवाले चाचा परातीपुढे हात चोळत उभे.

"चाचा, माझी बायको... मैद्याचा डबा..."

"वो लालबागवाली भाभी?" चाचा म्हणाले. "वो तो मोर्चा लेके गयी."

"मोर्चा? मालती?"

"मैंने डिब्बा खोला, हात घातला. थंडा, एकदम जड. मैं बोला, भाभी, मैदा हाथ से बात करता है. हे तर काय बोलतच नाही. इसमें मिलावट है. बस! एक बाई बोली वाण्यानं फसवलं, दुसरी बोली माझा मैदा पण तिथलाच आहे. भाभी रोने लगी थी, फिर एकदम खडी हो गयी. बोली, चला. सगळ्या गेल्या."

माझी मालती! रॉकेलवाल्याला हाक मारायला लाजते म्हणून मला गॅलरीत उभं करणारी मालती!

वाण्याचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे. लांबूनच आवाज ऐकू आला. पंधरा-सोळा बायका, प्रत्येकीच्या हातात डबा किंवा परात. सगळ्यांच्या पुढे मालती, पदर खोचलेला. तिच्या एका बाजूला आमच्याच समोरच्या गायकवाडवहिनी. दुसऱ्या बाजूला हिराबाय, जवळच्या गावातून येऊन दुकानाच्या पायरीशी भाजी विकायला बसायची ती. आपली टोपली सोडून मोर्चात सामील झालेली.

"सणासुदीचं असं करता?" मालती म्हणत होती. "माझी आई येणार आहे उद्या! पहिल्यांदा! तिच्यापुढे मी काय ठेवू?"

"ताई, देवाशपथ, माझा माल चोख आहे!" वाणी गल्ल्यामागून हात जोडत होता. बिचाऱ्याला घाम फुटला होता.

"चोख हाय त खाऊन दाखव!" हिराबाय म्हणाली. "घे, घे चिमूट. आमी बघतंव."

"हां, खा की ओ!" गायकवाडवहिनी. "आम्ही लेकरांना खाऊ घालणार हुतो!"

"खातो!" वाणी इरेला पेटला. "माझ्या दुकानाच्या इभ्रतीचा सवाल आहे. खातो!" आणि त्यानं डब्यात हात घालून चांगली चिमूट उचलली, तोंड उघडलं...

"थांबा!" मी गर्दीत घुसत ओरडलो. "खाऊ नका! ते सिमेंट आहे!"

झालं! मला वाटलं होतं, आता सगळा उलगडा होईल. उलट भडका उडाला.

"ऐकलंत? सिमेंट घालतो मैद्यात!"

"अगंबाई, किती टक्के असेल?"

"हे भाऊ कचेरीतले हायती, त्यांना म्हायती असणार!"

"तसं नाही हो!" मी हात वर केले. "त्यात भेसळ नाही. शुद्ध सिमेंट आहे! पूर्ण शुद्ध!"

वाणी खालीच बसला.

मालतीनं माझ्याकडे बघितलं. माझा गंजीफ्रॉक बघितला. पायातली एकच चप्पल बघितली. आणि अगदी हळू विचारलं, "अहो, मग मैदा कुठे आहे?"

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला गप्प बसता आलं असतं. 'काय की बुवा' म्हणता आलं असतं. पण वाण्याच्या बोटांत ती चिमूट अजून होती.

"भिंतीत," मी म्हणालो.

"काय?"

"भिंतीत आहे. आपल्या. आणि सावंतकाकांच्या न्हाणीघरात. आणि थोडा वहिनींच्या खिडकीखाली. मीच लिंपला. शेटजींची काही चूक नाही. झाकणं... झाकणं फिरली, मालती."

दुकानातल्या उंदरांनीही कान टवकारले असतील. सोळा बायका माझ्याकडे बघतायत आणि मी त्या एका चपलेत शक्य तितका लहान होऊन उभा आहे. मला वाटलं, झालं. उद्या सासूबाई आल्या की मालती बॅग भरणार. घर गेलं, न्हाणीघर गेलं, सगळं मैद्यात गेलं.

आणि मालती हसली.

आधी नुसते खांदे हलले. मग तिनं डबा फळीवर ठेवला आणि पोट धरून हसली. वाशीला आल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलंच नव्हतं. गायकवाडवहिनी तिच्या खांद्यावर डोकं टेकून हसायला लागल्या. "म्हणूनच रातच्याला आमच्या खिडकीखाली झुरळं जेवायला आली व्हती!" मग कुणालाच आवरेना. वाणीसुद्धा हसला, अर्थात त्यानं आधी बोटं धुतली.

हसून झाल्यावर मालतीनं हात जोडून त्याची माफी मागितली. मीही मागितली. मग ती म्हणाली, "शेटजी, दोन किलो मैदा द्या."

"ताई, दिवाळीचा मैदा सकाळीच संपला. गाडी परवा येणार."

तिचा चेहरा उतरला. आता या बायकांनी काय करावं? त्यांचा स्वतःचा मैदा डब्यांत मोजूनमापून आणलेला. पण गायकवाडवहिनींनी आपला डबा उघडला आणि एक वाटी काढली. "घ्या. आमच्या चार नानकटाया कमी हुतील."

"माझ्याकडे मैदा आहे तेवढाच आहे, पण घरी बारीक रवा आहे," एक जण म्हणाली.

"बेसन चालेल? बेसनानं खमंग होते."

"माज्या घरान तांदलाचा पीठ हाय गो, ह्या वर्साचा," हिराबाय म्हणाली. "आमी त्याच्याच भाकऱ्या खातंव. जरा घातलंस त खुसखुशीत होल. दुपारी आनतंय."

गायकवाडवहिनी परभणीकडच्या. त्या बोलता बोलता म्हणाल्या, "ज्वारीचं पीठ तर पिंपभर हाय, पर ते कुठं नानकटाईत घालावं!" त्यावर सगळ्या पुन्हा हसल्या.

दुपारी आमच्या ओट्यावर वाट्यांची रांग लागली. सावंतकाकूंनीसुद्धा एक वाटी कणीक पाठवली. सोबत निरोप : 'ही भिंतीक लावूची नाय.' मालतीनं सगळी पिठं परातीत एकत्र केली. पांढरा मैदा, पिवळसर बेसन, करडी कणीक, दुधासारखं तांदळाचं पीठ. ती हातानं मिसळत होती आणि मी बाजूला उभा होतो. मला लांबच उभं राहायला सांगितलं होतं. मी नुसतं बघत होतो. आपण रोज पोळी खातो, भाकरी खातो, पण पिठाकडे कधी नीट बघितलेलं नसतं. त्या परातीत कोकण होतं, मराठवाडा होता, खाडीकाठचं शेत होतं. हात फिरवता फिरवता ते सगळं एका रंगाचं झालं.

बेकरीत चाचांनी त्यात हात घातला. डोळे मिटले. "अब बोल रहा है," ते म्हणाले. "लेकिन एक साथ सब बोल रहे हैं. ये तो पूरी बिल्डिंग का आवाज है, भाभी."

त्या दिवशी मालती बेकरीच्या बाकड्यावर तीन तास बसली. घरी आली ती अंधार पडल्यावर. सासवा-सुनांचे निकाल लागले होते हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

इकडे मी पण बसलो नव्हतो. तिन्ही घरांच्या भिंती खरवडल्या, पाण्यानं धुतल्या आणि या वेळी डब्यातला माल आधी काकूंना दाखवून मगच सिमेंट भरलं.

धनत्रयोदशीला सासूबाई आल्या. भिंतीसमोर बसल्या. पण त्यांनी भिंतीकडे बघितलंच नाही. त्यांनी नानकटाई उचलली, तोडली, खाल्ली. दुसरी घेतली.

"मालू, लालबागची बेकरी एवढी चांगली नव्हती गं. कशाची केलीस?"

"इथल्या पिठाची," मालती म्हणाली.

भाऊबीज झाली. सासूबाई निघायच्या आदल्या दिवशी मी धीर करून स्वयंपाकघरात गेलो. मालती ओट्यावर वाट्या मांडून बसली होती. कुणाच्या वाटीत नानकटाई, कुणाच्या वाटीत चिवडा, हिराबायच्या वाटीत दोन लाडू.

"मग," मी विचारलं, "उद्या आईबरोबर...?"

"कशी जाणार?" ती म्हणाली. "भरून आलेली वाटी रिकामी परत करायची नसते. आणि मी भरून दिली की त्या पुन्हा भरून पाठवणार. काकू तर पाठवणारच. हे आता संपायचं नाही."

"मग?"

"मग काय! राहायचं इथेच. वाट्या कुणी सांभाळायच्या?"

मी बाहेर येऊन वही उघडली आणि लिहिलं : 'झाकणे फिरतात. मालतीचे म्हणणे मान्य.'

एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण आमच्या बाहेरच्या दाराच्या मागे वीतभर भेग होती, ती खरवडायची मी विसरलो होतो. तिथला मैदा वाळून तसाच राहिला. पुढच्या पावसाळ्यात काय झालं असेल? मी शिस्तीत, प्रमाणात भरलेल्या सगळ्या सिमेंटला तडे गेले. आमच्याकडे, सावंतांकडे, गायकवाडांकडे. आणि दारामागचा मैदा? मुंगी नाही, झुरळ नाही, तडा नाही. आज सात-आठ वर्षं झाली, छातीठोकपणे उभा आहे.

घरी कुणीही पाहुणा आला की मालती आधी त्याला नानकटाई देते. मग दार लोटून ती जागा दाखवते.

"यांच्या हातची एवढी एकच गोष्ट टिकली बघा," ती म्हणते, "आणि ती बिचारी खायची होती."